मोठ्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीला सुकाणूचा सर्व्हो कसा बसवायचा, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कृष्णेत बोट सोडायची असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, बोट मधे अडकली तर आत उतरून आणायची नाही. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत हे आपल्याकडं पोराटोरांना पण माहितीय, शिवाय केंदाळ (जलपर्णी) असतंय, त्यात पाय गुंतला की चांगल्या पोहणाऱ्याचं पण काही चालत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, रंग नंतर द्या, केबिनच्या खिडक्या नंतर बसवा, पण सुकाणू आणि ते फिरवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, यांचं काम पहिलं आणि नीट करा, कारण तेवढी एकच गोष्ट बोट परत काठाला आणते.

माझी पहिली मोठी बोट म्हणजे सव्वा मीटरची टग (जहाजं ओढणाऱ्या बोटीचं मॉडेल), बॅटरीसकट अठरा किलो. घरात टेबलावर सुकाणू झकास फिरत होतं. घाटावर नेली, फुल वेगात असताना एकदम पूर्ण डावीकडं रिमोटची काडी ओढली आणि बोट तिथंच गप्प झाली. दोन सेकंदांनी परत चालू, परत सुकाणू हललं, परत गप्प. असं चार-पाच वेळा झालं आणि तोपर्यंत ती वाहत जाऊन केंदाळात घुसली. एका मासेमारी करणाऱ्या काकांनी होडी घालून आणून दिली म्हणून वाचली. घरी येऊन बघितल्यावर कळलं की सर्व्होत काही बिघाड नव्हता, रिमोटमध्ये पण नव्हता, पाण्याच्या दाबाखाली सर्व्होनं जो करंट ओढला तो ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आतल्या छोट्या बीईसीला (रिसिव्हर-सर्व्होला वीज देणारा भाग) झेपला नाही, व्होल्टेज पडलं आणि रिसिव्हर (बोटीतला रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) बंद होऊन परत चालू व्हायला लागला. हे खाली सविस्तर येईलच, पण आधी क्रमानं जाऊ.

१. सर्व्हो लावायच्या आधी सुकाणू हातानं फिरवून बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त लोक हेच सोडतात. सर्व्हो अजून डब्यातच राहू दे. सुकाणूच्या दांड्यावर वरनं जो आडवा हात बसतो, त्याला टिलर म्हणतात, तो दोन बोटांनी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठंही घासल्यासारखं, अडकल्यासारखं लागता कामा नये. लागलं तर दांडा ज्यातनं जातो ती पितळी नळी आणि दांडा एका रेषेत नाहीत, किंवा अराल्डाईटचा थेंब नळीत गेलाय. नळी काढून परत लावायला लागली तरी लावा, ते घर्षण सर्व्होच्या ताकदीनं दाबून टाकायचं नाही. कारण मग सर्व्हो आयुष्यभर तेच करत बसतो आणि बॅटरी खातो.

नळीचं वरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर पाहिजे. जागाच नसेल तर नळीत वॉटरप्रूफ ग्रीस भरून वर ओ-रिंग बसवा. ग्रीस तसं सगळ्यांनीच भरायचं.

आता टिलरचा ग्रब स्क्रू, म्हणजे टिलर दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू. नवीन लोक गोल दांड्यावर तसाच ग्रब स्क्रू आवळतात, घरात तो पक्का वाटतो आणि पाण्यात जोर आला की हळूहळू सरकतो. दांड्यावर स्क्रू जिथं टेकणार आहे तिथं कानशीनं एक सपाट जागा करा, नखाएवढी पुरते, जास्त खोल नको. स्क्रू त्या सपाटीवर बसला की सरकत नाही. माझ्या टगचा दांडा ६ मिमी स्टीलचा आहे, कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडनं करून घेतला, सपाटी मात्र मी घरीच कानशीनं केली, पाच मिनिटांचं काम आहे.

२. किती ताकदीचा सर्व्हो

दुकानात विचारलं की एकच उत्तर मिळतं, मोठा घ्या. थोडं गणित करून बघितलं तर आपल्यालाच कळतंय. समजा सुकाणूचं पान १० सेंमी उंच आणि ६ सेंमी रुंद आहे, म्हणजे ६० चौरस सेंमी, आणि पाणी त्यावर सेकंदाला २ मीटर वेगानं येतंय. सुकाणू पूर्ण वळवलं तर त्यावर साधारण दीड किलोचा जोर येतो. हा जोर दांड्यापासून साधारण २ सेंमी मागं काम करतो असं धरलं तर पीळ झाला ३ किलो-सेंमी. कमी वाटतोय ना? पण सुकाणू प्रोपेलरच्या अगदी मागं असतं आणि प्रोपेलरचा झोत बोटीच्या वेगापेक्षा बराच जोरात येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे तेच ३ चे १२ किलो-सेंमी झाले. घरच्या टेबलावर हे कधीच कळत नाही.

सर्व्होवर जी ताकद लिहिलेली असते ती तो अडून थांबतो त्या क्षणाची असते, कामाची नव्हे. एमजी ९९६ आर हा आपल्याकडं सहज मिळणारा धातूच्या गिअरचा सर्व्हो, ६ व्होल्टला ११ किलो-सेंमीचा म्हणतात, तो वरच्या उदाहरणातल्या बोटीला अपुरा पडेल. तिथं २० किलो-सेंमीचा घ्यावा. छोटा ९ ग्रॅमचा निळा एसजी ९० मात्र अशा बोटीत सुकाणूला अजिबात लावू नका, तो क्रेन, सर्चलाइट असल्या हलणाऱ्या गोष्टींना ठीक.

अजून एक, सुकाणूचा दांडा पानाच्या अगदी पुढच्या कडेला न ठेवता थोडा आत घेतला, म्हणजे पानाचा साधारण पाचवा हिस्सा दांड्याच्या पुढं ठेवला, तर तोच पीळ जवळजवळ निम्म्यावर येतो. बोट अजून बांधायचीच असेल तर हे आत्ताच करून घ्या, फुकटातली ताकद आहे. पाव हिस्स्याच्या वर मात्र पुढं काढू नका, सुकाणू आपोआप एका बाजूला ओढायला बघतं.

वेगवान सर्व्होसाठी जादा पैसे घालवायची गरज नाही. खऱ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदात गेलं पाहिजे. आपला साधा सर्व्हो ६० अंश पाव सेकंदाच्या आत जातो. टग, मालवाहू, होडी, कशालाही तो पुरतो, रेसिंग बोटीचा विषय वेगळा.

आणि विकत घेताना हे बघाच: २० किलोच्या सर्व्होत १८० डिग्री आणि २७० डिग्री असे दोन प्रकार मिळतात, दिसायला एकदम सारखे. आपल्याला १८० चा पाहिजे. २७० चा आला तर त्याच सिग्नलला तो दीडपट फिरतो आणि तुम्ही दोन दिवस रिमोटशी झगडत बसता.

३. नवीन सर्व्होची परीक्षा

सर्व्होला लांबसा हात (त्याच्या शाफ्टवर बसणारी पट्टी) लावून तो पुठ्ठ्यावर स्क्रूनं बसवा, सर्व्हो टेस्टर किंवा रिमोटनं मधे आणा आणि हाताच्या टोकाशी बारीक पेन्सिलनं खूण करा. आता पूर्ण डावीकडं नेऊन मधे सोडा, खूण करा. पूर्ण उजवीकडं नेऊन मधे सोडा, खूण करा. दहा वेळा. चांगला सर्व्हो असेल तर सगळ्या खुणा एकावर एक येतात आणि एकच जाड रेघ दिसते. माझ्याकडं ऑनलाइन मागवलेला एक आला होता, डावीकडनं आला की एका जागी थांबायचा आणि उजवीकडनं आला की तीन मिमी अलीकडं. असला सर्व्हो बोटीत घातला तर बोट सरळ कधी जाणारच नाही, तुम्ही ट्रिम करताय (रिमोटवरनं मध्य सरकवताय) करताय आणि ती परत तिरकी. पुठ्ठ्यावर दहा मिनिटं घालवा, परत करायची मुदत संपायच्या आत.

४. बसवायची जागा

सर्व्हो तळाला चिकटवू नका. बोटीत थोडं तरी पाणी येतंच आणि पुढची बाजू उचलली गेली की ते सगळं मागं, नेमकं सर्व्होच्या खाली साचतं. तळापासून निदान तीन-चार सेंमी वर, ६ मिमी मरीन प्लायची एक फळी आडवी बसवा आणि त्यात चौकोनी खाच पाडून सर्व्हो त्यावर लटकवा. सर्व्होबरोबर रबराची बुचं आणि पितळी नळ्या येतात. विमानात थरथर असते, तिथं ती लागतात. आपल्या जड बोटीत माझं मत असं की रबर नको, कारण जोर आला की सर्व्हो त्या रबरावर डुलतो आणि तेवढं वळण सुकाणूला कमी मिळतं. वापरणारच असाल तर पितळी नळीची रुंद कड लाकडाच्या बाजूला येऊ द्या.

फळी एकदम पक्की पाहिजे. मी फळीच्या खाली दोन्ही बाजूंना छोटे त्रिकोणी आधार दिलेत. सर्व्हो पूर्ण वळवून सुकाणू हातानं धरून ठेवा, फळी वाकताना डोळ्याला दिसली तर ती बारीक आहे.

५. मध्य आधी, हात नंतर

इथं सगळ्यात जास्त चुका होतात. क्रम असा: सर्व्होवरचा हात काढून ठेवा. रिमोट चालू करा, ट्रिम मधे, सबट्रिम (रिमोटच्या मेनूतलं मध्य बारीक सरकवायचं सेटिंग) शून्य. मग रिसिव्हर चालू करा. सर्व्हो आपोआप मध्यावर येऊन थांबतो, सिग्नलच्या भाषेत हे १५०० मायक्रोसेकंद, दोन्ही टोकं साधारण १००० आणि २०००. आता वीज चालू असतानाच हात असा बसवा की तो पुशरॉडशी (टिलरकडं जाणारी तार, पुढच्या पायरीत येतेय) बरोबर काटकोनात येईल.

बरोबर काटकोन येणार नाही, थोडा इकडं किंवा तिकडं राहील. कारण आपल्या बहुतेक सर्व्होंच्या शाफ्टला २५ दाते असतात, म्हणजे एक दात सरकवला की हात १४.४ अंश सरकतो. म्हणून जवळात जवळचा दात पकडला तरी ७ अंशांपर्यंत फरक राहू शकतो आणि तेवढ्यासाठीच सबट्रिम आहे. सबट्रिम यापेक्षा जास्त लागत असेल तर हात चुकीच्या दातावर बसलाय, काढून परत बसवा. मी पहिल्या बोटीत हे सगळं रिमोटमधनं ओढून ताणून जुळवलं होतं, मग डावीकडं बोट छान वळायची आणि उजवीकडं वळायला अर्धा तलाव लागायचा. लोखंडाची चूक लोखंडातच सुधारा, रिमोटमधनं सुधारली की ती दुसरीकडं बाहेर येते.

प्लास्टिकचा हात मोठ्या बोटीला नको, २५ दात्यांचे ॲल्युमिनियमचे मिळतात. मधल्या स्क्रूला थ्रेडलॉकचा एक थेंब लावा, पण प्लास्टिकला लागू देऊ नका.

६. पुशरॉड

पुशरॉड म्हणजे सर्व्होचा हात आणि टिलर जोडणारी तार. २ मिमी पियानो वायर मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर सायकलचा स्पोक घ्या, तो साधारण तेवढाच जाड असतो आणि कडक असतो. एका टोकाला झेड आकारात वाकवून सर्व्होच्या हातात अडकवायचा आणि दुसऱ्या टोकाला लांबी कमी-जास्त करता येईल असं काहीतरी, बॉल लिंक किंवा स्क्रूवाला कनेक्टर. तार २० सेंमीपेक्षा लांब होत असेल तर ढकलताना ती मधे वाकते, मग एक तर ४ मिमीची कार्बन नळी वापरा नाहीतर दोन्ही बाजूंनी दोन तारा लावा, म्हणजे कुठल्याही बाजूला वळताना एक तार ओढतच असते. मोठ्या बोटीला मला ही दोन तारांची पद्धत जास्त आवडते.

आता कुठल्या भोकात घालायची? सर्व्होच्या हाताचं आतलं भोक घेतलं तर वळण कमी आणि जोर जास्त, बाहेरचं घेतलं तर उलट. टिलरचं याच्या बरोबर उलटं. माझं माप सांगतो: सर्व्होच्या मध्यापासून २० मिमी, टिलरच्या मध्यापासून २५ मिमी. सर्व्हो ४५ अंश फिरला की सुकाणू साधारण ३४ अंश फिरतं. बरोबर एवढंच पाहिजे, कारण ३५ च्या पुढं सुकाणू वळवण्याऐवजी नुसता ब्रेक लावल्यासारखं पाणी अडवतं. आणि सर्व्होचा हात टिलरपेक्षा लहान असल्यानं जोर पण वाढून मिळतो.

दोन सुकाणू असतील तर एकाच सर्व्होनं एक फिरवा आणि दोन्ही टिलर आडव्या तारेनं जोडा. दोन सर्व्हो लावायचे असतील तर प्रत्येकाचं सुकाणू वेगळं ठेवा, मधे तार नको. दोघं एकमेकांना जोडले आणि त्यांच्या मध्यात जरासा फरक असला तरी ते दिवसभर एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि गरम होतात. वाय केबलवर (एकाच सिग्नलवर दोन सर्व्हो चालवणारी तार) दोन्ही सर्व्हो एकाच दिशेला तोंड करून बसवा, समोरासमोर आरशासारखे बसवले तर उलटे फिरतील.

७. वीज

माझ्या टगची गोष्ट आठवा. ११ किलोवाला सर्व्हो अडला की अडीच अँपियरपर्यंत ओढतो, २० किलोवाला त्याहून जास्त. साध्या ब्रश्ड ईएससीतला बीईसी बऱ्याचदा १ किंवा २ अँपियरचाच असतो. म्हणून वेगळा ५ अँपियरचा यूबीईसी (ईएससीच्या बाहेरचा स्वतंत्र बीईसी) घ्या, ६ व्होल्टवर ठेवा, पण आधी रिसिव्हर आणि सर्व्हो दोन्हींना ६ व्होल्ट चालतात का ते त्यांच्या कागदावर वाचा. आणि यूबीईसी लावल्यावर ईएससीकडनं रिसिव्हरला येणारी लाल तार कनेक्टरमधनं अलगद काढून तिला टेप गुंडाळा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांवर आदळतात. काळी आणि सिग्नलची तार तशीच राहू द्या.

मोठ्या बोटीत रिसिव्हर मधे आणि सर्व्हो पार मागं असतो, तर एक्स्टेन्शन जाड तारेचं, २२ गेजचं घ्या, बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच पडतं. मोटरच्या तारांपासून ती लांबनं न्या. मोटरवर १०४ नंबरचे कपॅसिटर लावलेले नसतील तर लावा, सर्व्हो आपोआप थरथरतो त्याचं कारण बऱ्याचदा तिथंच असतं. रिसिव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातनं जात नाही.

८. आता रिमोट

बोटीच्या मागं उभं राहून बघा. काडी उजवीकडं केली की सुकाणूची मागची कड उजवीकडं गेली पाहिजे. उलटं असेल तर रिव्हर्स करा. मग एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो प्रत्येक बाजूला किती फिरायचा त्याची मर्यादा: काडी पूर्ण एका बाजूला धरा आणि कान लावा. सर्व्हो पोचून गप्प बसला पाहिजे. नुसता गुणगुणत राहिला तर कुठंतरी अडून ढकलतोय, आवाज थांबेपर्यंत त्या बाजूचा एंड पॉइंट दोन-दोन टक्के कमी करा. दुसऱ्या बाजूला पण तसंच. एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला ६० असं काही आलं तर पाचव्या पायरीवर परत जा.

थोडा एक्स्पो (काडी मध्याजवळ असताना सर्व्हो कमी हलवणारं सेटिंग) ठेवला तर काडी मधे असताना बोट शांत जाते. फेलसेफ विसरू नका, सिग्नल गेला की मोटर शून्य, सुकाणू मधे. हे लावल्यावर प्रोपेलर मोकळा ठेवून, बोट स्टँडवर पक्की धरून रिमोट बंद करून बघायचंच, लावलंय म्हणजे चालतंय असं समजू नका.

९. पाण्यात

पहिल्यांदा घरातल्या हौदात किंवा मोठ्या टबात. बोट मागनं धरा, मोटर अर्ध्या वेगात, सुकाणू पूर्ण डावीकडं-उजवीकडं पाच मिनिटं. आता प्रोपेलरचा झोत खरोखर सुकाणूवर येतोय. नंतर सर्व्होला हाताचं बोट लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर कुठंतरी अडतंय. यूबीईसीला पण हात लावून बघा.

त्यानंतर नदी नको, कुणाचं तरी शेततळं बघा. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षवाल्यांच्या बागेत बक्कळ शेततळी आहेत, प्रवाह नाही, केंदाळ नाही. पण तिथला प्लास्टिकचा कागद भयानक निसरडा असतो, आत गेलेला माणूस वर चढू शकत नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नका, मुलांना कुंपणाच्या बाहेर ठेवा आणि बोटीच्या मागच्या खुंट्याला पतंगाच्या मांज्यासारखी बारीक दोरी नको, चांगली जाडसर तरंगणारी दोरी बांधा, प्रोपेलरपासून वर धरून. बोट तुमच्याकडं तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं, त्याचा सराव इथंच करून घ्या. मागं जाताना सुकाणू नीट ऐकत नाही, त्यात तुमच्या सर्व्होचा दोष नाही, प्रोपेलरचा झोत तेव्हा सुकाणूवर येतच नाही.

आठ-दहा वेळा व्यवस्थित झालं की मग कृष्णेवर या, सकाळी वारा पडलेला असताना, आणि पावसाळ्यात अजिबात नको. बोट घरी आणल्यावर झाकण उघडं ठेवून वाळवा, टिलरचा ग्रब स्क्रू आणि सर्व्होचा मधला स्क्रू हातानं तपासा, सुकाणू परत एकदा दोन बोटांनी फिरवून बघा. पहिल्या दिवशीसारखं हलकं लागत नसेल तर दांड्याभोवती केंदाळाचे धागे गुंडाळलेले असतात, ते काढून, ग्रीस भरूनच बोट ठेवा.